सायक्लोनचं झाकण, दीड वर्षाच्या वापरानंतर

सायक्लोन म्हणजे ओढलेल्या हवेतून धूळ वेगळी करणारा, हातभर उंचीचा, काळ्या जाड प्लास्टिकचा शंकू. त्याखाली रुंद झाकण, आणि झाकणाखाली आपण आणलेला ड्रम. लाकूडकामाच्या यंत्राकडून येणारा पाइप शंकूच्या बाजूला लावायचा आणि शंकूच्या डोक्यातून निघणारा पाइप व्हॅक्यूम क्लीनरला जोडायचा. वीज लागत नाही, बटण नाही, आत फिरणारा एकही भाग नाही. ही वस्तू मी दीड वर्षापूर्वी घेतली तेव्हा मला वाटलं होतं, आता घरातली धूळ थांबेल. धूळ थांबायला पुढे आणखी तीन गोष्टी कराव्या लागल्या. पण व्हॅक्यूमचा दम टिकवायचं काम या शंकूने इतकं चोख केलं की आज कुणी तो परत मागितला तर मी देणार नाही. या दोन्ही गोष्टी सविस्तर सांगते, कारण विकत घेताना मला त्या कुणी वेगवेगळ्या करून सांगितल्या नव्हत्या.

माझी कामाची खोली बारा बाय दहा फुटांची, छत नऊ फुटांवर. एक खिडकी, एक दार. दाराबाहेर अरुंद मोकळी जागा आणि पलीकडे आईची खोली. मी लाकडी कोडी आणि सरकत्या झाकणाच्या पेट्या करते, आठवड्याला दहा-बारा तास. एक लहान टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल पात्याची करवत), टेबलाखाली उलटा बसवलेला राउटर (खाचा आणि कडा घडवायचं यंत्र), पाच इंची ऑर्बिटल सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं यंत्र), मायटर सॉ (कोनात आडवं कापायची करवत), दोन हातरंधे आणि पटाशांचा एक संच. कोड्यांचे तुकडे लहान असतात, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ जातो तो सँडरवर. म्हणजे सगळ्यात बारीक धूळ करणाऱ्या यंत्रावर.

आई रोज दुपारी तिच्या कपाटाच्या वरच्या फळीवरून बोट फिरवते. तिला आता नजरेने फारसं दिसत नाही, पण बोटाला कळतं. "आज सँडर चालवलास ना गं?" एवढंच विचारते. तक्रार नसते, पण प्रश्न चुकत नाही. मी दार बंद करून काम केलेलं असतानाही तो यायचा.

शंकू यायच्या आधी सगळं थेट व्हॅक्यूममध्ये जायचं. वर्कशॉपचा व्हॅक्यूम, आत घड्या घातलेला गोल फिल्टर. टेबल सॉवर चाललं तर बरं चालायचं. सँडर लावला, त्यातही एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर लावला, की दहा मिनिटांत ओढ अर्ध्यावर यायची. एमडीएफची धूळ पिठाहून बारीक असते, शिवाय त्यात तंतू चिकटवणारं रेझिन असतं; ती फिल्टरच्या घड्यांमध्ये थर करून बसते आणि हवेचा रस्ता बंद करते. ओढ गेली की सँडरच्या भोकांमधून जी धूळ आत जायला हवी ती कडेने बाहेर पडायला लागते. मग फिल्टर काढायचा, बाहेर नेऊन आपटायचा. आपटताना जो ढग उठायचा तो मीच छातीत भरून घ्यायची. एका संध्याकाळी तीनदा फिल्टर आपटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाक शिंकरलं तर रुमालावर तपकिरी डाग. त्याच आठवड्यात शंकू मागवला.

तो काम कसा करतो हे समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. हवा शंकूच्या वरच्या भागात मधोमध शिरत नाही. एका बाजूने, भिंतीला लागून शिरते. त्यामुळे तिला गोल फिरावंच लागतं. फिरताना जड कण बाहेर फेकले जातात, भिंतीला घासत वेग गमावतात आणि घरंगळत खाली ड्रममध्ये पडतात. हवा तळाशी जाऊन उलटते आणि मधल्या नळीतून वर व्हॅक्यूमकडे निघून जाते. लाकूड कापायच्या गिरण्यांवर पत्र्याचे मोठाले शंकू असतात ते याच तत्त्वाचे. जेम्स डायसन यांना पिशवी नसलेल्या घरगुती व्हॅक्यूमची कल्पना अशाच एका गिरणीवरच्या शंकूवरून सुचली, आणि तो व्हॅक्यूम मनासारखा व्हायला ५,१२७ नमुने करावे लागले. शंकूचा आकार साधा दिसतो, पण व्यास, तोंडाची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण बिघडलं तर धूळ खाली पडत नाही, हवेबरोबर वर जाते. म्हणूनच बादलीच्या झाकणाला दोन नळ्या लावून घरी केलेला विभाजक आणि हा शंकू यांत फरक पडतो. मी आधी तो बादलीचा प्रयोगही केला होता. ढलप्या आणि रंध्याचे छिलके त्यात छान अडकतात, सँडरची धूळ मात्र सरळ पुढे निघून जाते.

शंकू लावल्यावर मी वजन करून बघितलं. टेबल सॉखाली साठलेला १ किलो भुसा घेतला, व्हॅक्यूममध्ये नवी पिशवी घातली, तिचं वजन आधी लिहून ठेवलं आणि सगळा भुसा पाइपने ओढून घेतला. पिशवीचं वजन ४ ग्रॅमनी वाढलं. बाकीचा सगळा ड्रममध्ये. मग सँडरच्या डबीतून महिनाभर जमवलेली २०० ग्रॅम धूळ तशीच ओढली. या वेळी पिशवी ११ ग्रॅमनी वाढली. म्हणजे भुशातला हजारात चार भाग निसटला आणि बारीक धुळीतला शंभरात साडेपाच. माझा काटा एका ग्रॅमपेक्षा बारीक दाखवत नाही, त्यामुळे या आकड्यांना प्रयोगशाळेचे समजू नका. पण दोन्हींतला फरक काट्याच्या चुकीचा नाही. शंकू जड ते पकडतो. जे हलकं ते त्याला पुरतं सापडत नाही, आणि छातीत खोलवर जातं ते हलकंच.

याचा व्यवहारातला फायदा मात्र मोठा आहे. पूर्वी दर संध्याकाळी फिल्टर आपटावा लागायचा. शंकू लावल्यापासून दीड वर्षात मी पिशवी चार वेळा बदलली आहे आणि फिल्टर एकदाही आपटलेला नाही. सँडर पहिल्या मिनिटाला जसा ओढला जातो तसाच चाळिसाव्या मिनिटालाही. ओढ टिकली की धूळ जिथे तयार होते तिथेच पकडली जाते, खोलीत सुटलेल्या धुळीमागे मग धावावं लागत नाही. सुरुवातीची ओढ मात्र शंकूमुळे थोडी कमी होते हे खरं आहे. हवेला आत गोल फिरवायला जोर लागतो, तो व्हॅक्यूमच्याच खिशातून जातो. पाइपच्या तोंडावर तळवा ठेवला तर शंकूशिवाय आणि शंकूसकट यातला फरक हाताला कळतो. आधीच अशक्त असलेल्या व्हॅक्यूमला हा शंकू लावू नका.

आता ड्रमविषयी. या उत्पादनाबरोबर ड्रम येत नाही, आणि त्याच्या माहितीपत्रकात ड्रमवर अवघी एक ओळ आहे: झाकण घट्ट बसेल असा कोणताही डबा चालेल. हे वाक्य मी खोडून टाकेन. मी रंगाची रिकामी बादली घेतली, पातळ प्लास्टिकची. तिसऱ्या दिवशी राउटरचा एक लांब छिलका पाइपच्या तोंडाशी आडवा अडकला, हवा यायची थांबली, आणि व्हॅक्यूम बादलीतलीच हवा ओढत राहिला. फटकन आवाज झाला आणि बादली कमरेत दाबल्यासारखी आत गेली. झाकण एका बाजूने उचललं गेलं. व्हॅक्यूमची ताकद याच प्रकारची असते: तो हवा थोडी ओढतो पण जोराने ओढतो. मोठ्या पंख्याचे डस्ट कलेक्टर याच्या उलट असतात, हवा भरपूर, जोर कमी. म्हणून व्हॅक्यूमखालचा डबा कडक हवा. मी आता जाड भिंतीचा, लोखंडी कड्याने झाकण आवळायचा ३० लिटरचा ड्रम वापरते. त्यानंतर पाइप दोनदा तुंबला, ड्रम जागचा हलला नाही.

दुसरी गोष्ट फटीची, आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली. शंकू बसवून दोन महिने झाले होते आणि पिशवी भराभर भरायला लागली. मला वाटलं शंकू खराब निघाला. कंपनीला लिहिलं. उत्तर आठ दिवसांनी आलं, त्यात पाइपची जोडणी तपासा असं एक वाक्य होतं, बाकी काही नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. अशा आकाराचे शंकू बरेच जण करतात आणि ही अडचण त्यांतल्या कोणत्याही शंकूला येऊ शकते. शेवटी मीच टिश्यू पेपरची बोटभर पट्टी कापली, व्हॅक्यूम चालू केला आणि पट्टी झाकणाच्या कडेने हळूहळू फिरवली. एका जागी ती सटकन आत खेचली गेली. झाकणाखालची फोमची पट्टी तिथे दबून पातळ झाली होती.

एवढ्याशा फटीने काय होतं? ड्रमच्या आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो. फट असेल तर बाहेरची हवा ड्रममध्ये घुसते आणि तिला बाहेर जायला एकच वाट असते: शंकूच्या तळातून वर. म्हणजे धूळ खाली पडायची त्याच तोंडातून हवेचा झोत वर यायला लागतो आणि पडणारी धूळ उचलून व्हॅक्यूमकडे घेऊन जातो. शंकू कितीही उत्तम असो, ड्रम फुटका असेल तर तो नुसता महागडा पाइप. मी दार-खिडक्यांना लावतात ती चिकट रबरी पट्टी झाकणाखाली लावली आणि पिशवीचं भरणं पुन्हा पूर्ववत झालं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टिश्यूची पट्टी फिरवते. दोन मिनिटांचं काम आहे.

ड्रम दोन तृतीयांशच्या वर भरू द्यायचा नाही हेही तसंच. भुसा शंकूच्या तोंडापर्यंत आला की फिरणारी हवा तोच ढवळते आणि सगळं व्हॅक्यूममध्ये. ड्रम अपारदर्शक असल्याने आत काय आहे ते दिसत नाही. माझ्या हातून एकदा असा भरला आणि नवी कोरी पिशवी एका दुपारी टम्म झाली. मग मी ड्रमच्या भिंतीला उभी फट पाडून त्यावर ॲक्रिलिकची पट्टी सिलिकॉनने चिकटवली. ही खिडकी कंपनीने झाकणातच द्यायला हवी होती.

कोरड्या हवेत झटका बसतो. भुसा प्लास्टिकच्या पाइपमधून घासत जातो तेव्हा स्थिर वीज साठते, आणि कोपर ड्रमच्या कड्याला लागलं की चटका. माणसाला त्याने इजा होत नाही, पण हातात सुरू असलेला राउटर असताना दचकणं परवडत नाही. मी उघडी तांब्याची तार पाइपभोवती नागमोडी गुंडाळून व्हॅक्यूमच्या अर्थिंग असलेल्या धातूच्या सांगाड्याला जोडली आहे. स्थिर वीज वाहून नेणारे काळे पाइपही मिळतात, पुढचा पाइप मी तोच घेणार आहे.

पाइपच्या जाडीत माझा बराच वेळ गेला. मला वाटायचं, जाड पाइप म्हणजे जास्त हवा. पण धूळ तरंगत राहायला हवेचा वेग लागतो, साधारण सेकंदाला २० मीटर. ६३ मिलिमीटरच्या पाइपात तो वेग मिळवायला मिनिटाला जवळपास ३.७ घनमीटर हवा हवी. माझ्या व्हॅक्यूमच्या माहितीपत्रकावर ३.६ लिहिलेलं आहे, आणि तेही मोकळ्या तोंडाला. मध्ये पाइप, शंकू, पिशवी आली की प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. म्हणून माझ्या ६३ च्या पाइपमध्ये आडव्या भागात भुसा तळाशी बसायचा आणि मग गठ्ठ्याने पुढे सरकायचा. ५० मिलिमीटरला साधारण २.४ घनमीटर पुरते. टेबल सॉला तो पाइप लावला आणि बसणं थांबलं. १०० मिलिमीटरला साडेनऊ घनमीटरच्या आसपास लागते, म्हणजे तो पाइप व्हॅक्यूमचा नाहीच, मोठ्या डस्ट कलेक्टरचा.

आणि जोडण्या! सँडरचं तोंड एका मापाचं, राउटरचं दुसऱ्या, करवतीचं तिसऱ्या, शंकूचं निमुळतं. शंकूबरोबर आलेला एकुलता एक ॲडॉप्टर माझ्या कोणत्याच यंत्राला बसला नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार-चार बोटं लांब तुकडे कापून दोन मापांवर ताणून चढवले तर हवा अजिबात गळत नाही आणि हवे तेव्हा काढताही येतात. दीड वर्षात त्यातला एकच तुकडा फाटला आहे. शंकूच्या झाकणाला बसवायचे स्क्रूही आखूड होते, जाड झाकणातून पलीकडे पोचेनात. ते बदलून नटबोल्ट घातले.

आता यंत्रागणिक सांगते, कारण हा शंकू कुणाशी कसा वागतो हे यंत्रावर अवलंबून आहे. सँडरसोबत तो उत्तम. त्यातही साध्या आठ भोकांच्या पेपरऐवजी जाळीचा पेपर घेतला तर धूळ सगळ्या पृष्ठभागातून ओढली जाते, पेपरही जास्त टिकतो. ओढ फार असेल तर सँडर लाकडाला चिकटून चालतो आणि गोल ओरखडे पडतात, तेव्हा पाइपच्या मुठीवरची झडप थोडी उघडायची. राउटर टेबलला फेन्सच्या, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीच्या, मागे एक पाइप आणि खाली एक असे दोन लागतात. मी दोन्हींवर उघडझाप करायचे गेट बसवले आहेत, खाचा करताना खालचा उघडायचा, कडा घडवताना मागचा. टेबल सॉखालची पेटी बंदिस्त केल्यावर खालचं जवळपास सगळं जातं. पण पात्याचे दात वरच्या बाजूने माझ्या दिशेने जे उडवतात ते शंकूपर्यंत पोचतच नाही. पात्याच्या गार्डवरच पाइप असेल तर फरक पडतो, माझ्या गार्डवर ती सोय नाही.

मायटर सॉविषयी चांगलं सांगण्यासारखं काही नाही. त्याच्या मागच्या नळीला पाइप लावून अर्धा भुसा तरी सापडला तर समाधान मानायचं. मागे आणि दोन्ही बाजूंना प्लायची पेटी करून तिच्या तळाशी पाइप लावला तेव्हा कुठे भिंत स्वच्छ राहायला लागली. फळ्या रंधणारं प्लेनर यंत्र माझ्याकडे नाही. एका ओळखीच्या सुताराच्या प्लेनरला हा शंकू लावून बघितला: छिलक्यांचा लोंढा इतका मोठा की दोन फळ्यांत पाइप गच्च. त्याला व्हॅक्यूम पुरणार नाही, मोठाच कलेक्टर लागेल.

माझं प्लेनिंग मी हातरंध्याने करते आणि दिवसेंदिवस ते जास्त करायला लागले आहे. रंध्यातून लांब पातळ छिलका निघतो, तो जमिनीवर पडतो आणि तिथेच राहतो. हवेत काही जात नाही, कानाला मफ लागत नाही, आई दार उघडं ठेवून गप्पा मारू शकते. कोड्याच्या तुकड्यांच्या कडा मी आता रंध्याने आणि पटाशीने साफ करते आणि सँडरवर फक्त शेवटचा हात फिरवते. धूळ कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय तो निघाला.

पण आईचं बोट. शंकू बसवल्यावर महिनाभराने तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. जमीन स्वच्छ होती, बाक स्वच्छ होता, ड्रममध्ये भुसा भरलेला होता आणि कपाटावर तो पातळ थर होताच. मग मी हवेतले बारीक कण मोजायचं छोटं यंत्र आणलं. सँडर बंद करून अर्धा तास झाला तरी त्याचा आकडा सुरुवातीच्या पातळीवर उतरला नव्हता. आपल्याला डोळ्यांनी दिसतो तो कण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा किंवा त्याहून मोठा. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण ३ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे माझ्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठ मिनिटं. १ मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरायला बारा तास लागतात. खोलीत हवा हलतच असते, त्यामुळे तो खाली येतो कधी आणि दाराखालून पलीकडे जातो कधी, कळतही नाही.

लाकडाची धूळ नैसर्गिक आहे, तिने काय होणार, असं मला बरेच जण म्हणाले. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली निघालेल्या आपल्या ६२ व्या खंडात लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात ठेवलं आहे. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. तो पुरावा मुख्यतः नाक आणि नाकाच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा आहे, आणि वर्षानुवर्षं कठीण लाकडाच्या धुळीत काम केलेल्या कामगारांमधला. माझ्यासारख्या आठवड्याला दहा तासवाल्यांनी घाबरून जायचं कारण नाही, पण धुळीला घरच्यासारखं वागवायचंही नाही. शिवाय दमा आणि त्वचेची ॲलर्जी यांना इतकी वर्षं लागत नाहीत. वेस्टर्न रेड सीडर या लाकडातल्या प्लिकॅटिक ॲसिडने दमा होतो हे सिद्ध झालेलं आहे, आणि शिसमाच्या जातीतल्या लाकडांनी माझ्याच मनगटावर पुरळ उठतं.

म्हणून शंकूच्या पुढे मी तीन गोष्टी केल्या, आणि या तिन्हींशिवाय शंकू घेण्यात अर्थ नाही असं मी म्हणेन. व्हॅक्यूमचा साधा फिल्टर काढून हेपा बसवला, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो तो. शंकूमधून निसटलेली ती अकरा ग्रॅम धूळ पिशवी आणि हा फिल्टर मिळून धरतात. त्याआधी व्हॅक्यूमच्या मागच्या तोंडातून तीच धूळ खोलीभर पसरत होती, आणि ती मीच पसरवत होते. शंकूमुळे हेपावर भार येत नाही, नाहीतर तो आठवड्यात तुंबला असता. दोघं एकमेकांना सांभाळतात.

दुसरं, हवा गाळायची पेटी. २०२० साली रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या नावाने जी रचना प्रसिद्ध झाली तीच केली: चार चौकोनी फिल्टर उभे करून घन तयार करायचा, तळाला पुठ्ठा, डोक्यावर वर तोंड करून पंखा, सगळे सांधे टेपने बंद. फिल्टर मर्व्ह-१३ दर्जाचे; मर्व्ह म्हणजे फिल्टर कण किती अडवतो त्याचं माप. माझ्या खोलीत १,०८० घनफूट हवा आहे. तासाला आठ वेळा ती गाळायची तर मिनिटाला १४४ घनफूट लागते, आणि ही पेटी ते सहज करते. काम संपल्यावर ती तासभर चालू ठेवते. आता कण मोजायच्या यंत्राचा आकडा वीस मिनिटांत खाली येतो. पण ही पेटी सुटलेली धूळ गोळा करते. माझ्या नाकासमोर उडणारी धूळ ती माझ्या नाकाच्या आधी ओढू शकत नाही.

म्हणून तिसरं, मास्क. दोन्ही गालांवर गोल फिल्टर असलेला, पी-१०० दर्जाचा, म्हणजे जवळपास सगळे बारीक कण अडवणारा रबरी अर्धमुखवटा. आधी मी एन-९५ वापरायचे, तोही चांगला आहे, फक्त माझ्या नाकाच्या कडेने चष्म्यावर वाफ यायची, म्हणजे तिथून हवा गळत होती. मास्क वापरण्यातली माझी चूक आईनेच दाखवली. एकदा दारात उभी राहून म्हणाली, "अगं, मशीन बंद झालं की लगेच तोंड उघडं करतेस. धूळ बंद झाली का?" ती बरोबर होती. आता मास्क हवेची पेटी वीस मिनिटं चालल्यावर, खोलीच्या बाहेर येऊन काढते.

झाडू मी खोलीतून काढून टाकला आहे. झाडल्याने बसलेली धूळ परत हवेत जाते. कॉम्प्रेसरने फुंकून साफ करणं तर त्याहून वाईट. आणि एक इशारा, जो माहितीपत्रकात नाही: ग्राइंडरच्या ठिणग्या, खिळ्यावर घासलेल्या पात्याचा भुसा किंवा जवसाच्या तेलाचे बोळे या शंकूतून ड्रममध्ये जाऊ देऊ नका. तेलाचे बोळे हवेतला ऑक्सिजन शोषताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात, खाली कोरडा भुसा असेल तर सांगायलाच नको. माझे बोळे पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात जातात.

आवाजाचं या शंकूने काही होत नाही. व्हॅक्यूम तेवढाच ओरडतो, कानांना मफ हवेतच. व्हॅक्यूम यंत्राबरोबर आपोआप सुरू करणारा आणि यंत्र बंद झाल्यावर काही सेकंद चालू ठेवणारा स्विच मात्र मी जरूर घ्या म्हणेन. ते शेवटचे काही सेकंद पाइप रिकामा करतात. तो नव्हता तेव्हा पाइपात राहिलेली धूळ पाइप काढताना पायावर सांडायची.

तुमच्याकडे बरा व्हॅक्यूम असेल आणि कामात सँडर, राउटर, लहान करवत असेल, तर हा शंकू घ्या. आधी कड्याचा ड्रम आणि रबरी पट्टी आणा, मग शंकू मागवा. प्लेनर आणि मोठी करवत असेल तर घेऊ नका, ते पैसे डस्ट कलेक्टरसाठी ठेवा. आणि हातात थोडेच पैसे असतील व निवड करावी लागली, तर पहिला मास्क घ्या, मग हेपा फिल्टर, शंकू त्यानंतर.

आईने गेल्या आठवड्यात कपाटावरून बोट फिरवलं आणि काही बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आहे थोडी. पण ही रस्त्याची आहे, तुझी नाही. तुझी मऊ असते." तिच्या खोलीच्या दाराखाली मी तीच रबरी पट्टी लावायची ठरवली आहे, ड्रमसाठी आणलेली उरली आहे तेवढी पुरेल.